शेवटच्या रांगेतला ढोल

ढोल-ताशा पथकांवरचे आक्षेप दरवर्षी पावसाळ्यासोबत उगवतात. हा गोंगाट आहे, संगीत नव्हे. पोरांचं अकरावी-बारावीचं वर्ष फुकट जातं. आणि शेवटी ही झुंडच. तिन्हींत तथ्य आहे, म्हणूनच नुसतं ‘पुण्याची परंपरा’ असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आधी गोंगाटाचं. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पथक ती केव्हाच ओलांडतं. मिरवणुकीच्या दिवशी आमच्याही खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि घरात आजारी माणूस असेल तर तिथे परंपरेचं कौतुक सांगायला जाऊ नये. पण यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2024 च्या ऑगस्टमध्ये जो उपाय काढला, तो मला मुळातच चुकीचा वाटतो: एका पथकात तीसच जण. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. तरी ‘संख्या कमी करा’ ही मागणी काही गेलेली नाही, आणि ती करणारे लोक भले आहेत.

आता हिशेब बघा. सारख्या आवाजाचे ढोल तिसाचे साठ केले तर पातळी सुमारे तीन डेसिबलने वाढते. एकशेवीस केले तर सहाने. म्हणजे नव्वद पोरं घरी पाठवून हाती लागणार सहा डेसिबल. वेळ आवरा, चौकाचौकात तासन्तास थांबणं बंद करा, स्पीकरच्या भिंती हटवा; रहिवाशाला आराम त्यातून मिळेल.

आणि ही नव्वद पोरं कोणती? तीसच वादक घ्यायचे तर कुठलाही पथकप्रमुख पक्क्या हाताचे तीस घेणार. गळणार तो शेवटच्या रांगेतला नवखा. माझं भांडण त्याच्यासाठी आहे.

मराठवाड्यातून, खानदेशातून अकरावीसाठी पुण्यात आलेला मुलगा डोळ्यासमोर आणा. कॉट बेसिसवरची जागा, मेसचा डबा, क्लासमध्ये मार्कांप्रमाणे पाडलेल्या बॅचेस. तोंड उघडलं की बोलीवरून हसू. म्हणून तो तोंडच उघडत नाही. घरी फोनवर ‘बरं चाललंय’ एवढंच सांगतो. असा मुलगा जुलैत कुणाच्या तरी मागून नदीपात्रातल्या सरावाला जातो. ढोल एकट्याने कमरेला नीट आवळता येत नाही, मागून कुणीतरी दोरी ओढावी लागते. तिथेच पहिली ओळख होते. एका हातात टिपरू, दुसरा पंजा पानावर. चार दिवसांत अंगठ्याला फोड येतात आणि शेजारचा चिकटपट्टीचं रीळ पुढे करतो. इथे बोलावं लागत नाही, हे त्याला सर्वांत सोयीचं. ताशाची तर्री सुरू झाली की कान तिकडे लावायचा आणि इशारा मिळताच सगळ्यांबरोबर हात बदलायचा. चुकला तर बाजूचा मान हलवून ठेका दाखवतो. कुठल्या गावचा, किती टक्के, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

म्हणूनच झुंडीचा आक्षेप मला पटत नाही. झुंडीत कुणी कसाही ओरडला तरी चालतं. पथकात एकाचा टोला अर्धा क्षण आधी पडला तरी पुढची रांग वळून बघते. दारू पिऊन येणारे, मुलींना धक्के मारणारे महाभाग काही पथकांत असतात, त्यांना हाकलावंच. पण ते शिस्त मोडल्यामुळे घडतं, ढोलामुळे नव्हे.

‘मग शास्त्रीय संगीत शिकवा’ असं सुचवणारेही भेटतात आणि दाखला भीमसेन जोशींचा देतात. 1933 मध्ये अकरा वर्षांचा तो मुलगा गदगचं घर सोडून निघाला, गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकला आणि अखेर घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी स्थिरावला. थोरच गोष्ट आहे. पण ती असामान्य गळ्याची गोष्ट. ज्याला सा लागत नाही, त्या पोराने कुठे जायचं?

अभ्यासाचा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. सराव रात्री लांबला की सकाळची बॅच बुडते. अकरावी-बारावीच्या मुलांना नऊ वाजता घरी पाठवलं तर पथकाचं काही अडत नाही. अनंत चतुर्दशीनंतर काय, हाही प्रश्न रास्त आहे. काही मुलं पांगतात. पण ऑक्टोबरात ताप आला तर फोन करायला चार नंबर उरतात. परक्या शहरात ही लहान गोष्ट नव्हे.

लवादाने आणि न्यायालयाने वेळेची मर्यादा घालावी, ती पाळली नाही तर दंडही करावा. माथी मोजू नयेत. पथकप्रमुखांकडेही मागणं आहे: प्रत्येक वादकाला कानात घालायला बोळे सक्तीचे करा, आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलांकडून नोंदणीचे पैसे घेऊ नका.