क्लाउडफ्लेअर १७ दिवसांत दोनदा बंद: चांगला इंजिनिअर कोणत्या सवयींवर ओळखायचा?

१८ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी एक्स उघडत नव्हतं, चॅटजीपीटी चालत नव्हतं. मग ५ डिसेंबरला भर दुपारी, शेअर बाजार सुरू असताना, झेरोधा आणि ग्रो अडकले. ज्यांना त्या क्षणी शेअर विकायचे होते, त्यांच्यासाठी हा थेट पैशांचा प्रश्न होता.

अशा वेळी आपण आधी वायफाय बंद-चालू करतो, मग फोन रिस्टार्ट करतो. पण दोन्ही वेळा गडबड फोनमध्ये नव्हती, क्लाउडफ्लेअरमध्ये होती. ही कंपनी असंख्य वेबसाइट आणि आपण यांच्या मधे उभी असते. साइट पटकन उघडावी आणि हल्ले बाहेरच अडावेत, हे तिचं काम. ती अडखळली की तिच्यामागच्या साइटही अडखळतात.

दोन्ही घटनांचे सविस्तर अहवाल कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केले. ते वाचून माझं एक मत पक्कं झालं: सेवा टिकते ती ऐनवेळी धावून येणाऱ्या हिरोमुळे नाही, तर रोजच्या कंटाळवाण्या सवयींमुळे. या सवयी सांभाळणाऱ्यांना साइट रिलायबिलिटी इंजिनिअर, थोडक्यात एसआरई म्हणतात. अशी पहिली टीम २००३ मध्ये गुगलमध्ये बेन ट्रेनर स्लॉस यांनी उभी केली.

सवय १: अंदाजाकडे पुरावा मागा

नोव्हेंबरमध्ये डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल झाला. त्यामुळे बॉट ओळखण्यासाठी लागणाऱ्या एका फाइलमध्ये नोंदी दुबार आल्या आणि ती दुप्पट मोठी झाली. ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढी मोठी फाइल चालत नव्हती, म्हणून तेच कोसळलं.

गंमत पुढे आहे. ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार व्हायची, कधी बरोबर तर कधी बिघडलेली. म्हणजे सेवा मधेच सुरू, मधेच बंद. त्यात कंपनीचं स्टेटस पेज बाहेरच्या सर्व्हरवर असूनही योगायोगाने तेव्हाच बंद पडलं. टीमला आधी वाटलं, मोठा सायबर हल्ला झालाय! खरं कारण सापडल्यावर जुनी चांगली फाइल परत बसवली आणि आपल्याकडच्या रात्री आठच्या सुमारास बहुतेक ट्रॅफिक सुरळीत झालं.

दडपणाखाली पहिला संशय खरा वाटतोच. मुरलेला एसआरई तो संशय टीमसमोर मांडतो आणि लगेच विचारतो, "हे चूक ठरवायचं असेल तर काय तपासू?"

सवय २: थोडं सोडा, थांबा, बघा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही सवय. ५ डिसेंबरला हेतू चांगला होता. रिअ‍ॅक्टमधल्या एका गंभीर त्रुटीपासून ग्राहकांना वाचवायचं होतं. त्यासाठीचा पहिला बदल टप्प्याटप्प्याने जात होता. त्यात एक अंतर्गत चाचणीचं टूल आड आलं. ते बंद करायचा दुसरा बदल मात्र काही सेकंदांत जगभर पोहोचणाऱ्या यंत्रणेतून गेला. परिणाम? सुमारे २५ मिनिटं कंपनीच्या जवळपास २८ टक्के वेब ट्रॅफिकला फटका.

आता दुसरी बाजूही बघू. हल्ला अडवायचा असेल तर वेग लागतोच, आठवडाभर थांबून चालत नाही. पण वेग हवा म्हणजे सगळीकडे एकदम, असं नाही. आधी एका छोट्या भागात सोडा, काही मिनिटं आलेख बघा, मग पुढे जा. पुढे क्लाउडफ्लेअरने सुधारणांची मोहीम जाहीर केली, तिचं नावच 'फेल स्मॉल'. बिघाड होणारच, तो लहान ठेवा.

सवय ३: परतीचा रस्ता चालून बघा

बॅकअप 'आहे' आणि बॅकअप 'चालतो' यांत फरक असतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या ठरलेल्या पद्धती कामाला आल्या नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. उलट झेरोधाने ५ डिसेंबरला ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून ऑर्डर सांभाळायचा पर्यायी मार्ग वापरायला सांगितलं. असा मार्ग आधीच बांधलेला असावा लागतो.

सवय ४: माणूस नको, कारण लिहा

'कोणी केलं?' असं विचारलं की लोक लपवतात. 'यंत्रणेने हे होऊ कसं दिलं?' असं विचारलं की बोलतात. आपल्याला या बिघाडांबद्दल एवढं कळलं, तेही कंपन्यांनी लिहिलं म्हणूनच. पण लिहून पुरत नाही. नोव्हेंबरच्या अहवालानंतरच्या सुधारणा पूर्ण व्हायच्या आतच डिसेंबर उजाडला होता. अहवालातलं प्रत्येक काम कोण करणार आणि कधीपर्यंत, हेही लिहिलेलं हवं.

या क्षेत्रात यायचं असेल तर लिनक्स आणि नेटवर्किंग शिकाच, पण सवय आजपासून लावा. कॉलेजच्या प्रोजेक्टचा बॅकअप एकदा खरंच परत आणून बघा. काही बिघडलं तर काय झालं, का झालं, हे पाच ओळींत लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी अ‍ॅप अडकलं की अनइन्स्टॉल करायच्या आधी इतरांचंही बंद आहे का, ते विचारा. पुरावा आधी, हीच तर पहिली सवय.