चार इंचांची चूक

बेळगावच्या आमच्या जुन्या घरात नवी फरशी बसवली, तेव्हा खर्च वाचवायला मी स्कर्टिंग टाळले. दोन वर्षांत भिंतींच्या पायथ्याशी पोपडे सुटले. ‘आई, फडके पिळून पूस ना!’ असे मी कितीदा तिच्यावर चिडलो.

परवा गवंडी आला. गिलावा खरवडत म्हणाला, ‘तप्पु अव्वारदल्ल, सर, निमदरी!’

लाकडी पट्टी मला आवडली होती. पण रोजच्या ओल्या पुसण्याने ती फुगते. त्याने फरशीच्याच चार इंची पट्ट्या कापून भिंतीशी समपातळीत बसवल्या, म्हणजे वर धूळ साचत नाही. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले.

घर करताय? स्कर्टिंग यादीत आधी लिहा.

आई काहीच बोलली नाही. नव्या पट्टीवरून तिने तेवढे फडके फिरवले.