सगळं काढून घेतल्यावर काय उरतं?

सुपरहिरो कॉमिक्सवर आपल्या मंडळात एक ठरलेला आक्षेप असतो. तेच हिरो, तीच गोष्ट, किती वर्षं दळण दळणार? सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, वंडर वुमन १९४१ ची. आजोबांच्या वयाचे हे लोक अजून चड्डी-केपमध्ये उड्या मारतायत, असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण ऑक्टोबर २०२४ पासून डीसीने 'ॲब्सोल्यूट' नावाने ज्या नव्या मालिका काढल्या, त्यांनी या आक्षेपाला बरं उत्तर दिलंय असं मला वाटतं.

कल्पना सोपी आहे. हिरोला जे आयतं मिळालेलं असतं ते काढून घ्यायचं. बॅटमॅनचा पैसा, सुपरमॅनचं कॅन्ससमधलं प्रेमळ घर, वंडर वुमनचं बेट आणि तिच्या बहिणी. मग बघायचं, हा माणूस तरीही तोच राहतो का? मी तिन्हींचे पहिले खंड वाचले. माझं मत स्पष्ट आहे: प्रयोग तिघांवर झाला, पुरता जमला एकीवरच.

आधी बॅटमॅन, कारण गाजला तोच. त्याचा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. स्कॉट स्नायडरच्या या गोष्टीत ब्रूस वेन एका शाळामास्तरचा मुलगा आहे. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेलेली असताना गोळीबार होतो आणि मुलांना वाचवताना वडील जातात. आई मात्र जिवंत आहे. हे फार चांगलं आहे. मास्तरच्या मुलाचा राग आपल्याला लगेच कळतो. निक ड्रॅगोटाची चित्रंही दणदणीत. पण पुढे हा इंजिनीअर घराएवढा ट्रक घेऊन फिरतो, छातीवरचं वटवाघूळ काढून त्याची कुऱ्हाड करतो, आणि मी विचारात पडते की बाबा, हे सगळं कुठल्या पगारात बसतं? पैसा काढला म्हणतात, पण पैशाने जे जे व्हायचं ते सगळं चालूच आहे. गरिबी तोंडी लावण्यापुरती.

सुपरमॅनची बाजू जास्त प्रामाणिक आहे. जेसन ॲरनने क्रिप्टॉनवर वर्गभेद दाखवलाय आणि काल-एलचे आईवडील तिथल्या कष्टकरी वर्गातले आहेत. पृथ्वीवर आल्यावर तो खाणकामगारांमध्ये राबतो. राफा सँडोव्हालने त्याचा केप धुळीचा काढलाय, तो बघून खरंच थांबायला होतं. अडचण मांडणीची आहे. गोष्ट क्रिप्टॉन आणि पृथ्वी यांच्यात एवढ्या येरझाऱ्या घालते की खाणीतली माणसं नीट भेटायच्या आतच पान उलटतं. ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांचे चेहरेच लक्षात राहत नसतील, तर लढाई कशासाठी?

आणि आता वंडर वुमन. लेखिका केली थॉम्पसन, चित्रकार हेडन शर्मन. इथे डायना नरकात वाढते. देव तिला तान्ही असताना तिथे कैदेत असलेल्या सर्सी नावाच्या चेटकिणीच्या पदरात टाकतात. सर्सीला मूल नको असतं. आणि हळूहळू तीच तिची आई होते. पुढे स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा एक माणूस नरकात येऊन पडतो, त्याला परत घरी पाठवायला डायना स्वतःचा हात देते. त्यावर ती भाषण ठोकत नाही. देते आणि कामाला लागते.

मी कॅथलिक घरातली, नरकाची चित्रं लहानपणापासून बघितलेली. तिथून कुणी दयाळू होऊन बाहेर येईल ही कल्पनाच मला हलवून गेली. दया तिला रक्तातून किंवा बेटावरून मिळाली नाही. एका नकोशा आईने माया केली, तिथून ती आली. २०२५ सालचा उत्कृष्ट नव्या मालिकेचा आयझनर पुरस्कार हिलाच मिळाला, आणि तो मला पटला.

कुणी म्हणेल, जुनीच गोष्ट वळवून सांगितली, यात साहित्य कुठलं? अहो, फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली, ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं आणि आपण ते अभ्यासतो. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची गोष्ट पुन्हा सांगितली, ती घरोघरी वाचली जाते. गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच माहीत असणं हा दोष नसतो. पुन्हा सांगताना नवं काय कळलं, एवढंच विचारायचं.

आपल्यासाठी तो प्रश्न जवळचा आहे. शेवटच्या वर्षाला आलो की जो तो विचारतो, घरचं काय, ओळख कुणाची, मागे कोण आहे? ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांना हे ऐकून आधीच हरल्यासारखं होतं. डायनाच्या मागेही कुणी नव्हतं, एक सर्सी सोडून. मला वाटतं बहुतेकांना अशी एक सर्सी भेटते: एखादी मावशी, एखाद्या बाई, वसतिगृहातली एखादी मैत्रीण.

एक खरी तक्रार मात्र आहे, किमतीची. बॅटमॅनच्या पहिल्या अंकावरची किंमत ४.९९ डॉलर, म्हणजे आपले चारशेहून जास्त रुपये. म्हणून मंडळाला सुचवते: वर्गणी काढून वंडर वुमनचा पहिला खंड, 'द लास्ट ॲमेझॉन', ग्रंथालयात आणूया. वाचा, आणि मग माझ्याशी खुशाल भांडा.