जंगलाची वाट आणि दारावरची पाटी



टीव्हीवर अस्वल किंवा देवमासा दिसला की घरातली मुले विचारतात, "हे कुठे राहतात?" आज त्या मुलांना जवळ बसवा. आपण अमेरिकेच्या वायव्य टोकाला, अलास्काच्या किनाऱ्यावर एक दिवस पायी हिंडून येऊ. तिकिटाचा खर्च नाही. मात्र संध्याकाळी परतण्यापूर्वी एका बाईंची भेट घ्यायची आहे. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच हा प्रवास.

१८६७ साली अमेरिकेने अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला. तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या मूळनिवासींना कोणी विचारले नाही. जुनो ही अलास्काची राजधानी. मागे बर्फाचे डोंगर, पुढे समुद्र. बाहेरून इथे येणारा रस्ताच नाही. बोटीने यायचे, नाहीतर विमानाने. हा मुलूख ट्लिंगिट लोकांचा.

ऑगस्टमधला दिवस घेऊ. आपल्याकडे तेव्हा वर्षावास चालू असतो. तिथेही पाऊस असतो, पण गार. म्हणून रेनकोट आणि स्वेटर दोन्ही हवेत. गावापासून सुमारे २० किलोमीटरवर मेंडेनहॉल नावाची हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे डोंगरावरून अगदी सावकाश खाली सरकणारा बर्फाचा प्रचंड पट्टा. त्याचा रंग निळा दिसतो. दाबाने घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो. समोरच्या तळ्याच्या काठाने सपाट पायवाट आहे. अर्ध्या तासात आपण नगेट धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचतो. ११५ मीटर उंचीवरून पाणी कोसळते. बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागते.

जग तापत चालले आहे, तशी ही हिमनदी मागे हटत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वरच्या खोऱ्यात साठलेले पाणी एकाएकी सुटले आणि नदीकाठची घरे वाहून गेली.

परतताना एक ओढा लागतो. त्यावर लाकडी फळ्यांची उंच वाट बांधली आहे. खाली बघा, लालभडक मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चालले आहेत. हा सॅमन मासा. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. इथे अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या मागावर काळे अस्वल येते. कधी पाठोपाठ पिल्ले असतात. अस्वल मासा पकडून झाडीत नेते, हवे तेवढे खाते, उरलेला टाकून जाते. मग गरुड, कावळे, किडे येतात. शेवटी राहिलेले मातीत मुरते आणि झाडांना खत होते. समुद्रातून आलेले नत्र तिथल्या झाडांच्या लाकडात सापडते, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. मासा समुद्राचा, पण त्याच्यावर जंगल वाढते. प्रतीत्यसमुत्पाद मुलांना समजावून सांगायचा असेल, तर हे उदाहरण सांगा.

इथले नियम साधे आहेत. अस्वलाच्या जवळ जायचे नाही, त्याला खायला घालायचे नाही, झाडीतून चालताना बोलत चालायचे, म्हणजे ते दचकत नाही. कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूसंघ पावसाळ्यात एका जागी राहतो. मुक्या जीवाला त्याची जागा द्यावी, हीच भावना दोन्हीकडे आहे.

दुपारी बोटीत बसू. समुद्रात फवारा उडाला की तिकडे बघायचे. तो हम्पबॅक जातीचा देवमासा. लांबी १२ ते १५ मीटर, म्हणजे आपल्या एस.टी. बसपेक्षाही जास्त. हिवाळ्यात यातले बरेचसे हवाई बेटांकडे जातात, पिल्लांना जन्म देतात आणि हजारो किलोमीटर पोहून उन्हाळ्यात खाण्यासाठी परत येतात. कधी कधी अनेक देवमासे मिळून पाण्यात बुडबुड्यांचे रिंगण करतात, मासे त्यात कोंडतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. बोटीने त्यांच्यापासून ९१ मीटर दूर राहावे, असा कायदा आहे.

काठावरच्या उंच झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसलेला दिसेल. अमेरिकेच्या राजमुद्रेवर हाच पक्षी आहे. पण याच अलास्कात १९१७ पासून गरुड मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. सुरुवातीला एका गरुडाला ५० सेंट. का? तर तो सॅमन खातो, मच्छीमारीचे नुकसान करतो, असा आरोप. सुमारे ३५ वर्षांत १ लाखाहून अधिक गरुड मारले गेले. बक्षीस बंद झाले, पुढे कायद्याचे संरक्षण मिळाले आणि गरुड पुन्हा वाढले.

आता संध्याकाळ झाली. चला, धक्क्यावर उतरू. जवळच्या इमारतीच्या भिंतीवर एका स्त्रीचे भव्य चित्र आहे. २०२१ साली ते रंगवले. याच एलिझाबेथ पेराट्रोविच. जन्म १९११, ट्लिंगिट समाजातल्या. आपण दिवसभर हिंडलो, ती भूमी त्यांच्या पूर्वजांची. तरी त्यांना जुनोत घर भाड्याने मिळेना. १९४१ साली पलीकडच्या डग्लस गावी एका खाणावळीच्या दारावर पाटी होती : मूळनिवासींना प्रवेश नाही. एलिझाबेथबाई आणि त्यांचे पती रॉय यांनी गव्हर्नरांना पत्र लिहिले. समतेचे विधेयक १९४३ साली पडले. दोघे गप्प बसले नाहीत.

५ फेब्रुवारी १९४५ रोजी विधेयक पुन्हा सभागृहात आले. एका सदस्याने विचारले, नुकतेच रानटीपणातून बाहेर आलेले हे लोक पाच हजार वर्षांची संस्कृती असलेल्या आम्हा गोऱ्यांच्या बरोबरीला बसू पाहणारे कोण? ३३ वर्षांच्या, तीन मुलांची आई असलेल्या एलिझाबेथबाई उभ्या राहिल्या. एवढी जुनी संस्कृती असलेल्यांना देशाच्या हक्कांच्या सनदेची आठवण मी करून द्यावी लागेल असे वाटले नव्हते, असे त्यांनी सुनावले. कायद्याने भेदभाव थांबेल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की चोरी आणि खून तरी कायद्याने थांबले आहेत का? पण कायदा केला तर ही गोष्ट वाईट आहे, हे तुम्ही जगासमोर मान्य तरी कराल.

विधेयक ११ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाले. १६ फेब्रुवारीला त्यावर सही झाली. खाणावळ, हॉटेल, केशकर्तनालय सर्वांना खुले. मोडणाऱ्याला २५० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद. साऱ्या अमेरिकेसाठी असा कायदा व्हायला १९६४ साल उजाडले.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या आजी-पणजी ज्या हक्कासाठी गेल्या, तोच हा हक्क. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेऊन हेच लिहिले आहे. ट्लिंगिट लोकांची भाषा वेगळी, देश वेगळा. पण दारावरची पाटी वाचून परत फिरलेल्या माणसाचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१६ फेब्रुवारी हा दिवस अलास्कात आता एलिझाबेथबाईंच्या नावाने पाळला जातो. त्या दिवशी घरात मुलांना देवमासा आणि अस्वलाची गोष्ट सांगा. आणि ती ऐकून मुले खुलली की या बाईंचीही सांगा. त्यानंतर संविधान उघडून १५ वे कलम मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या.

जय भीम!