बेसकॅम्प : कोन

पत्ता सांगताना सगळ्यात जास्त गंमत कुणाची होत असेल, तर ती आपल्या कोनकरांची! ‘कुठे राहतोस?’ ‘कोन.’ ‘अरे, तू! तू कुठे राहतोस?’ मग पनवेलच्या पुढे, पळस्पे फाटा ओलांडून, जुन्या मुंबई-पुणे हायवेला... असं सगळं साग्रसंगीत सांगावं लागतं. त्यानंतर समोरच्याचा ठरलेला डायलॉग येतो, ‘बापरे, एवढ्या लांब?’

लांब, पण कशापासून? बीकेसीपासून म्हणाल तर हो. पण जरा बाल्कनीत उभे राहा आणि पूर्वेला बघा. तो सपाट माथ्याचा डोंगर म्हणजे प्रबळगड. त्याला चिकटलेला सुळका कलावंतीण. त्यामागे माथेरानची रांग. इटलीत नेपल्सला जाणारे लोक काय करतात? मुक्काम शहरात ठोकतात, सकाळी लोकल ट्रेन पकडून पॉम्पेई बघतात, दुसऱ्या दिवशी बोटीने काप्रीला जातात आणि रात्री पुन्हा त्याच पलंगावर झोपतात. हॉटेल बदलायचं नाही, बॅग भरायची नाही. आपण तर त्यासाठी हॉटेलचं बिलही देत नाही, ईएमआय देतो! मग त्या ईएमआयमध्ये डोंगरही वसूल का करू नयेत?

तसं कोन हे सोमवार ते शुक्रवार फक्त झोपायचं गाव. उंच टॉवर्समधले आयटीवाले, बँकवाले पहाटे निघतात, रात्री परततात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये इथल्या २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली आणि चाव्या हातात पडायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे इथे बरेच जण नवखे. गाव आपलं वाटायला लागायचं तर आधी आजूबाजूला फिरावं लागतं. त्यासाठी हे पाच प्लॅन. सगळे एका दिवसाचे, रात्री घरच्या गादीवर परत आणणारे.

पहिला : हाफ डे, शिरढोण आणि कर्नाळा
पळस्प्याला मागे या आणि गोवा हायवे धरा. थोड्याच वेळात शिरढोण लागतं. ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंत फडके या गावात जन्मले. शाळेत आपण त्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणून पाठ केलं आणि मार्क मिळवले. पण ते तुमच्या-माझ्यासारखे नोकरदार होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून! आई आजारी असल्याचं कळलं, साहेबाने वेळेवर रजा दिली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेली होती. पुढे १८७९ मध्ये त्यांनी रामोशांना बरोबर घेऊन इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. बंडामागे दुष्काळ होता, परकी राज्याचा राग होता. पण त्या नाकारलेल्या रजेचा घाव ज्याने लीव्ह अॅप्लिकेशनवर ‘रिजेक्टेड’ वाचलंय, त्याला जास्त कळेल.

तिथून पुढे कर्नाळा. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य आणि वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. फडक्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते, म्हणजे दोन्ही ठिकाणं एका गोष्टीतली. पक्ष्यांसाठी हिवाळ्यात जा, आणि सकाळी लवकर. दहा वाजता ब्लूटूथ स्पीकर घेऊन पोचाल, तर तुम्हाला फक्त तुमच्यासारखीच माणसं दिसतील. सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात. तिथे सिगारेट, सेंट, आरडाओरडा, सगळं बंद!

दुसरा : फुल डे, प्रबळमाची आणि कलावंतीण
शेडुंगहून आत ठाकूरवाडी. तिथून चढायला सुरुवात. मध्ये प्रबळमाची नावाची वाडी लागते. इथे आदिवासी घरांमध्ये जेवण मिळतं. पिठलं, भाकरी, ठेचा आणि भूक असली तर स्वर्ग. प्रबळगडाचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले, त्यांत हाही होता आणि कर्नाळाही. कलावंतीणीच्या उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या फोटोत भन्नाट दिसतात. प्रत्यक्षात त्यांना कठडा नाही आणि खाली दरी आहे. त्यामुळे साधा नियम ठेवा : पावसाळ्यात जायचं नाही आणि बंदीचा आदेश असेल तर ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणायचं नाही. माचीपर्यंत गेलात, जेवलात आणि उतरलात तरी ट्रिप पूर्ण!

तिसरा : देव आणि डावपेच, महड, उंबरखिंड, पाली
हा आईबाबांना घेऊन जायचा प्लॅन. जुन्या हायवेने खालापूरकडे जाताना महडचा वरदविनायक, पुढे खोपोलीहून पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांपैकी दोन एका दिवसात आटपतात, आईचा रविवार सार्थकी. मध्ये तुमच्यासाठी उंबरखिंड आहे. खोपोली-पाली रस्त्यावरून चावणी गावाकडे आत वळायचं. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठं सैन्य घेऊन घाट उतरून कोकणात निघाला होता. शिवाजी महाराजांनी त्याला या दाट झाडीच्या अरुंद वाटेत गाठलं आणि दोन्ही बाजूंनी कोंडलं. खानाला शरण यावं लागलं. तिथे आता स्मारक आहे आणि शेजारी अंबा नदी. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला कसं हरवलं, हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ती जागा बघून दहा मिनिटांत जास्त कळतं.

चौथा : मागच्या दाराने माथेरान
माथेरान म्हटलं की सगळे नेरळला पळतात, टॅक्सीची रांग, मिनी ट्रेनची रांग. आपल्याकडून मात्र नेऱ्यावरून धोदाणीला जायचं आणि पायी चढून सनसेट पॉइंटला निघायचं. घाटावरच्या हॉटेलांना दूध-भाजी पोचवणारी माणसं याच वाटेने वर्षानुवर्षं ये-जा करत आली आहेत. आपण हाशहुश करत असतो आणि एखादी मावशी डोक्यावर ओझं घेऊन शेजारून सहज पुढे निघून जाते. वर पोचल्यावर लाल मातीचे रस्ते, मोटारींना बंदी आणि चहा. सूर्यास्त बघायचा मोह आवरा, कारण उतरायचं आहे अंधाराआधी.

पाचवा : चिरनेर
उरण तालुक्यातलं हे गाव महागणपतीच्या देवळासाठी लोकांना माहीत असतं. पण २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर इथल्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. आपल्याच रानातलं लाकूड तोडायला सरकारची बंदी, म्हणून हातात कोयते घेऊन लोक गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. हायवेला पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू विकत बसलेल्या कातकरी बाईशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो ना, तेव्हा हे नाव आठवावं.

आता एक गोष्ट, जी ट्रिपच्या कॉलममध्ये सहसा कुणी लिहीत नाही. एक्स्प्रेस-वेवरून जाताना चौकच्या बाजूला इर्शाळगड दिसतो. त्याच्या सुळक्याला नेढं आहे, म्हणून ट्रेकर्सचा लाडका. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शेवटी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी नंतर चौकजवळ नवी घरं उभी राहिली. नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं पॉम्पेई बघायला जगभरातून माणसं तिकीट काढून येतात. आपल्या घरापासून अर्ध्या तासावर गाडल्या गेलेल्या वाडीचं नाव आपल्या सोसायटीत किती जणांना सांगता येईल?

तिथे सेल्फी काढायला जा, असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणणं एवढंच की आपल्या बाल्कनीतला ‘हिल व्ह्यू’, ज्याचे बिल्डरने वेगळे पैसे लावले, तो व्ह्यू म्हणजे कुणाचं तरी अंगण आहे. म्हणून जाताना घरून चिप्सची पाकिटं नेण्यापेक्षा वाडीतलं जेवण घ्या. वाटाड्या घ्या आणि त्याने सांगितलेले पैसे द्या. तो ‘आज वर नको’ म्हणाला, तर गुगल मॅप उघडून वाद घालू नका. त्या डोंगराचा पाऊस त्याने जन्मभर पाहिलाय. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणा.

गाडी नसली तरी अडत नाही. पनवेलच्या एसटी स्टँडवरून ठाकूरवाडी आणि धोदाणीसाठी गाड्या असतात, पेण-अलिबागच्या गाड्या शिरढोण-कर्नाळ्यावरूनच जातात. वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून घ्या, विशेषतः परतीच्या. आणि थंडीत गेलात तर गावात कुठे पोपटी लागतेय का बघा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि वर पेटवलेला जाळ. कुणी बोलावलं तर लाजू नका, फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका.

तर येत्या शनिवारी अलार्म ऑफिसच्याच वेळेचा लावा. पळस्प्याला मुंबईकडे वळायचं नाही, एवढं लक्षात ठेवलंत की झालं!