भावाआधी गाव विचारा

नाण्यांचा लिलाव आटोपला की लिलावगृहाची दुसरी यादी फिरू लागते. ज्यांना कोणी बोलीच लावली नाही, अशा नाण्यांची. किंमत ठरलेली, घासाघीस नाही, जो आधी मागेल त्याचे नाणे. 'सातवाहन, पोटीन, विदर्भ, अक्षरे अस्पष्ट' अशा नोंदींची नाणी या यादीत हमखास उरतात आणि अमरावती-अकोल्याकडचे आपले तरुण मित्र ती उत्साहाने घेतात. "स्वस्तात इतिहास मिळाला" असे छायाचित्रासह जाहीरही करतात. माझा आक्षेप या वाक्याला आहे.

१९३९ साली तऱ्हाळा येथे सुमारे १६०० सातवाहन नाणी एकत्र सापडली. गाव मंगरूळपीर तालुक्यातले. तेव्हा अकोला जिल्ह्यात, आज वाशीममध्ये. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. धातू हलका, रूप सामान्य. आजच्या लिलावात यांतील बहुतेक नाण्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. वा. वि. मिराशींनी मात्र ती वाचून १९४० मध्ये प्रसिद्ध केली. (हेच मिराशी पुढे अमरावतीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.) त्या वाचनातून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे पुढे आली.

ही नावे वाचता आली कशी, ते नीट समजून घ्या. या नाण्यांवर राजाचे नाव क्वचितच पूर्ण उमटते. एका नाण्यावर पहिली दोन अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. शेजारी शेजारी ठेवल्यावरच नाव जुळते. तऱ्हाळ्याचा ठेवा आजच्या बाजारात आला असता, तर ठळक अक्षरांची नाणी बोलीत गेली असती आणि अर्धवट अक्षरांची ठरल्या किमतीच्या यादीतून एकेक करून गावोगाव पांगली असती. मग कुंभ सातकर्णी कोणाला सापडला असता?

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचेही तेच. १९०६ साली तिथे मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. तसे एखादे नाणे हाती आले तर ते सुंदर आहे एवढेच कळते. विजयाचा आवाका कळतो तो प्रमाणावरून, आणि प्रमाण कळते ते ठेवा अखंड राहिला तर. एलिचपूरच्या मुघल रुपयावर टांकसाळीचे नाव असते म्हणून आपण निश्चिंत होतो; पण रुपया कुठे पाडला हे एक, आणि चालत चालत कुठल्या गावी जाऊन पुरला गेला हे दुसरे. दुसरे उत्तर नाण्यावर कोरलेले नसते.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "आम्ही घेतले नसते, तर ते वितळले असते." यात तथ्य आहे, आणि त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. सरकारला तो हवा असेल तर मोबदला किती? धातूची किंमत, वर तिचा एक-पंचमांश. पोटीन म्हणजे तांबे, कथील, शिसे यांची मिसळ. तिचा पाचवा हिस्सा तो किती! खरी हास्यास्पद ठरलेली किंमत ही आहे. विहीर खणताना गाडगे लागलेल्या माणसाने तेवढ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्यात? हे कलम बदलले पाहिजे, आणि ते बदलावे म्हणून लिहिणे-बोलणे हे आपलेच काम आहे.

परंतु त्याच कायद्यात एक शहाणपण आहे, जे आपल्या याद्यांत नाही. ठेवा कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेला सापडला, हे कळवणे त्यात बंधनकारक आहे. लिलावाची यादी वजन देते, व्यास देते, दुर्मीळतेची श्रेणी देते. गाव देत नाही. आणि आपण गाव न विचारता पैसे भरतो, तेव्हा गाव लपवून काहीही बिघडत नाही, हे विक्रेत्याला आपणच पटवून देतो. शेतकऱ्याला तर आपल्या पैशांतला बहुधा रुपयाही मिळत नाही.

तेव्हा भाव विचारण्याआधी गाव विचारा, तेही लेखी. नाणे कुठले, सोबत किती होती, केव्हा निघाली? उत्तर नसेल तर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. घेऊन ठेवलेल्या नाण्यांचे वजन करा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला किंवा अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेला कळवा. आणखी एक काम तर फुकटचे आहे. यादीत एकापाठोपाठ आलेली, एकसारखा हिरवट गंज चढलेली नाणी दिसली, तर ती एकाच गाडग्यातली असण्याचा संभव असतो. ती यादी पुसली जाण्याआधी क्रमांकांसह उतरवून ठेवा.