सोळा सोमवार!

सोळा सोमवारचं व्रत आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. सोळा सोमवार नेमाने उपास, सतराव्या सोमवारी उद्यापन आणि मग मनासारखं फळ. मंडळी, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने २००८ साली असंच एक व्रत केलं. फक्त उपास जिंकण्याचा होता! तिथली प्रोफेशनल फुटबॉल टीम 'डेट्रॉइट लायन्स' त्या सीझनमध्ये १६ मॅचेस खेळली आणि १६च्या १६ हरली. एनएफएल म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी लीग. १६ मॅचेसचा अख्खा सीझन एकही विजय न मिळवता संपवणारी ही तिच्या इतिहासातली पहिली टीम.

आता तुम्ही म्हणाल, चॅम्पियन टीम सोडून या हरलेल्यांचं काय घेऊन बसलात? सांगते. जिंकलेल्यांच्या गोष्टी आपण ऑफिसच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकतो. पण आपल्यातले कितीतरी जण ज्या टीममध्ये सध्या काम करतायत, ती काही चॅम्पियन नाही. प्रोजेक्ट बुडतोय हे सगळ्यांना दिसतंय, तरी सकाळी साडेनऊला कार्ड पंच करायचंच आहे... अशांसाठी लायन्सचा हा सीझन म्हणजे सॉलिड केस स्टडी आहे.

आधी खेळ समजून घ्या

हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. हे हेल्मेटवालं, खांद्यांवर जाडजूड पॅड बांधून खेळायचं. चेंडू लंबगोल. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. समोरच्याच्या टोकाला असलेल्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेलात की टचडाउन, ६ गुण. लांबून किक मारून दोन खांबांमधून चेंडू घातलात तर ३. आणि चेंडू हातात असताना स्वतःच्याच एंड झोनमध्ये पकडले गेलात, किंवा तिथून मागची रेघ ओलांडून बाहेर गेलात, तर समोरच्याला २ गुण फुकट. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, लागणार आहे.

मॅचेस बहुतेक रविवारी. म्हणजे हरल्याचं तोंड घेऊन कामावर जायचा दिवस कुठला? बरोब्बर, सोमवार!

ट्रेलर मात्र झक्कास

गंमत म्हणजे सुरुवात भन्नाट होती. खरा सीझन सुरू होण्याआधी सराव म्हणून काही मॅचेस होतात, ज्यांचे गुण कुठेच धरत नाहीत. त्या चारही मॅचेस लायन्सनी जिंकल्या! लोकांना वाटलं, यंदा काहीतरी होणार. (हाच प्रकार पुढे २०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सच्या बाबतीत झाला. सरावाच्या चारही मॅचेस खिशात आणि खऱ्या सीझनमध्ये ०-१६. प्रेझेंटेशन उत्तम झालं म्हणून प्रोजेक्टही उत्तम होईल असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

पहिली मॅच ७ सप्टेंबरला अटलांटात. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू, मॅट रायन. एकदम नवखा. त्याने आपल्या करिअरचा पहिलाच पास टाकला आणि त्यावर थेट ६२ यार्डांचं टचडाउन! लायन्स २१-३४ ने हरले. पुढच्या रविवारी ग्रीन बे पॅकर्सकडून २५-४८. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी १५ सप्टेंबरला, तिकडे न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभरच्या ऑफिसांना घाम फुटला. डेट्रॉइटच्या वाट्याला त्या सोमवारी दोन्ही बातम्या एकदम आल्या.

खुर्चीवरचा माणूस

तिसऱ्या पराभवानंतर, २४ सप्टेंबरला, टीमचे प्रेसिडेंट मॅट मिलन यांना काढलं. मिलन खेळाडू म्हणून एक नंबर होते. चार सुपर बोल जिंकलेला माणूस, नंतर टीव्हीवर नावाजलेला कॉमेंटेटर. पण टीम चालवण्याचा अनुभव? शून्य. तरी २००१ मध्ये त्यांच्या हातात सगळी सूत्रं दिली गेली.

नव्या खेळाडूंच्या निवडीला तिकडे ड्राफ्ट म्हणतात. २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं मिलन यांनी पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हरच घेतला. म्हणजे धावत जाऊन पास झेलणारा, चमकदार कामाचा माणूस. २००७ मध्ये पुन्हा तेच! समोरच्याला अडवणारे धिप्पाड गडी, ज्यांचं नाव पेपरात येत नाही पण ज्यांच्याशिवाय टीम उभी राहत नाही, ते कमीच राहिले. एखाद्या कंपनीने नुसते सेल्सवाले भरावेत आणि माल बनवायला माणूसच ठेवू नये, तसा प्रकार. मिलन यांच्या काळातला हिशेब: ३१ विजय, ८४ पराभव. आणि तरी खुर्ची सात वर्षं टिकली! मालक विल्यम क्ले फोर्ड हे मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांचे नातू. शेवटी मालकांचा मुलगाच जाहीरपणे बोलून गेला की माझ्या हातात असतं तर मी मोठे बदल केले असते. त्यानंतर दोनच दिवसांत मिलन गेले.

पण ते गेले तेव्हा १३ मॅचेस शिल्लक होत्या. त्या कोणी खेळायच्या? ज्यांनी यातला एकही निर्णय घेतला नव्हता, त्यांनी.

ती एक रेघ

१२ ऑक्टोबर, मिनेसोटा. लायन्सचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्हस्की स्वतःच्याच एंड झोनमध्ये उभा. समोरून जेरेड ॲलन नावाचा राक्षसी ताकदीचा गडी अंगावर येतोय. त्याला चुकवायला ऑर्लोव्हस्की बाजूला पळाला आणि पळता पळता मागची रेघ कधी ओलांडली, त्याचं त्यालाच कळलं नाही. रेफरीची शिट्टी वाजली, तरी साहेब पास कुणाला टाकू म्हणून शोधतच होते! समोरच्याला २ गुण फुकट. मॅचचा निकाल काय लागला माहितीय? १२-१०. बरोब्बर दोन गुणांनी लायन्स हरले.

ती क्लिप पुढे वर्षानुवर्षं चालली. ऑर्लोव्हस्की नंतर टीव्हीवर ॲनालिस्ट झाला, स्वतःच तिच्यावर जोक मारू लागला. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जिमी गरॉपलोने तशीच रेघ ओलांडली तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा आठवला तो ऑर्लोव्हस्कीच.

पण बॉस, जरा थांबा. ज्या मॅचमध्ये त्या दिवशी लायन्सने समोरच्याला फक्त १२ गुण करू दिले, ती त्यांच्या बचावाची सीझनमधली सगळ्यात चांगली मॅच होती. सीझनभरात त्यांच्यावर ५१७ गुण झाले, म्हणजे मॅचमागे ३२ च्या वर. त्या हिशेबात १२ म्हणजे कमालच. ती कुणाच्या लक्षात आहे? शिकागोविरुद्ध हाफटाइमला २३-१३ ने पुढे होते, हरले २३-२७. टॅम्पा बेविरुद्ध १७-० ने पुढे होते, हरले २०-३८. मिनेसोटाविरुद्धची दुसरी मॅच १६-२०. शून्य बाहेरून एकसारखंच दिसतं. आत मात्र प्रत्येक रविवार वेगळा होता.

शहराचाच पडता काळ

इकडे शहरातही काही बरं चाललं नव्हतं. डेट्रॉइट म्हणजे मोटारींची राजधानी. आपल्या पुण्या-पिंपरीतले कितीतरी इंजिनिअर नोकरीच्या निमित्ताने त्याच भागात संसार थाटून आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही आपापल्या खासगी विमानांनी! एवढी टीका झाली की डिसेंबरच्या खेपेला तिघंही मोटारीतून गेले.

थँक्सगिव्हिंग हा तिकडचा मोठा सण, घरात सगळ्यांनी एकत्र जेवायचा. त्या दिवशी लायन्सची मॅच असणं ही १९३४ पासूनची परंपरा. म्हणून सोळातली ही एक मॅच गुरुवारी. २७ नोव्हेंबरला सणाच्या ताटावर बसून लोकांनी काय पाहिलं? १०-४७. १९ डिसेंबरला सरकारने जीएम आणि क्रायस्लरसाठी १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं, आणि दोनच दिवसांनी लायन्स न्यू ऑर्लिन्सकडून ७-४२ ने हरले.

त्या मॅचनंतर एका पत्रकाराने कोच रॉड मरिनेली यांना विचारलं, तुमच्या मुलीने याच्यापेक्षा बऱ्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का? कारण बचावाची जबाबदारी असलेले जो बॅरी हे मरिनेलींचे जावई. व्हिएतनाम युद्धात लढून आलेला हा साठीला टेकलेला माणूस, आणि त्याला हा प्रश्न! टीम हरत असली की अंगावर येणाऱ्यांना मर्यादा राहत नाही, ती अशी.

शून्यात राबणारे

आता खरी गोष्ट. या टीममध्ये जेसन हॅन्सन नावाचा किकर होता. १९९२ पासून तिथेच. त्या सीझनमध्ये त्याने २२ पैकी २१ फील्ड गोल मारले. त्यात ५० यार्ड किंवा त्याहून लांबचे ८, आणि आठच्या आठ बरोबर. ५० यार्ड म्हणजे सुमारे ४५ मीटर! हरणाऱ्या टीमच्या किकरला हे कशासाठी करायचं होतं सांगा? त्या ३ गुणांनी निकाल बदलणार नव्हता, आणि सोळाही वेळा बदलला नाही.

दुसरा कॅल्व्हिन जॉन्सन, २००७ चा तो वाइड रिसीव्हर. पास टाकणारे क्वार्टरबॅक सीझनभर बदलत होते, तरी या पठ्ठ्याने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन काढले. झेललेल्या टचडाउनमध्ये त्या वर्षी लीगमध्ये त्याच्यापुढे कुणीच नव्हतं. बक्षीस? निवडक खेळाडूंच्या 'प्रो बोल'साठी त्या वर्षी त्याची निवडसुद्धा झाली नाही. शून्याची सावली अशी पडते. पुढे २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा कुठे हिशेब पूर्ण झाला.

उद्यापन आणि फळ

२८ डिसेंबरला शेवटची मॅच ग्रीन बेला. त्या विस्कॉन्सिन राज्यात लायन्स १९९१ नंतर जिंकलेच नव्हते. यंदाही नाही जिंकले, २१-३१. सीझनमध्ये एक आठवडा सुट्टीचा असतो, तो धरला तर दुसऱ्या दिवशीचा सोमवार बरोब्बर सतरावा. त्या सोमवारी मरिनेलींना काढलं. झालं उद्यापन!

फळ म्हणाल तर तिकडच्या नियमाप्रमाणे सगळ्यात वाईट टीमला ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळतो. एप्रिल २००९ मध्ये लायन्सनी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं. २७ सप्टेंबर २००९ ला वॉशिंग्टनला १९-१४ ने हरवून १९ पराभवांची माळ तुटली. पण स्टॅफर्ड १२ सीझन राबला तरी बाद फेरीची एकही मॅच जिंकला नाही. लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सुपर बोल! म्हणजे माणूस तोच होता. बदलली होती टीम.

आणि लायन्स? १४ जानेवारी २०२४ ला, तब्बल ३२ वर्षांनी, ते बाद फेरीची मॅच जिंकले. समोर रॅम्स, त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड, निकाल २४-२३. लायन्सचे कोच होते डॅन कॅम्पबेल. या माणसाचं नाव २००८ च्या त्या ०-१६ वाल्या टीमच्या यादीत आहे! खेळाडू म्हणून, दुखापतीमुळे बराच सीझन बाहेर बसलेला. कोच म्हणून त्यांचा पहिला सीझनही ३ विजय आणि १३ पराभवांचा होता. कुणी २००८ चा कागद बघून ठरवलं असतं, तर हा माणूस इंटरव्ह्यूलाच बोलावला गेला नसता.

म्हणून दोस्तहो, एवढंच. शून्य बहुधा वर बनतं, बरीच वर्षं लागतात त्याला, आणि ते चिकटतं मात्र खाली खेळणाऱ्यांना. उद्या तुमच्यासमोर बंद पडलेल्या कंपनीतून आलेल्या कुणाचा बायोडाटा असेल, तर कंपनीचं काय झालं हे विचारू नका. ते पेपरात आलंय. तू तिथे काय करत होतास, ते विचारा. कदाचित समोर २२ पैकी २१ वाला बसलेला असेल!